अभ्यास दौरा

सकाळी सातला बस दिवाळ्याच्या जेटीपाशी थांबली.
भंडाऱ्याच्या पंधरा बायका उतरल्या,
प्रत्येकीकडे तीच पिवळी पिशवी, पिशवीवर योजनेचं नाव,
आत वही, पेन, बिस्किटांचा पुडा.
या मोसमातली ही नववी तुकडी.
मला सगळं पाठ आहे:
कांदळवनात पिंजरे किती, चिंबोरी किती दिवसांत भरते,
गटाचं कर्ज कधी फिटलं,
नवरे आधी काय म्हणायचे, आता काय म्हणतात.
इथे पाहुणे हसतात. मी तेवढी थांबते.

ओहोटी होती, पौर्णिमेची, लांब गेलेली.
खाडीच्या जागी नुसता चिखल, कुशीवर पडलेल्या होड्या,
आणि पार पुलाच्या अलीकडे
रोहित पक्ष्यांची फिकट ओळ.
सगळ्यांनी मोबाइल काढले.
एकीने नाही. पुस्तकला वलथरे, गळ्यातल्या पाटीवर होतं.
ती होड्यांकडे बघत होती.
"पानी कोटी गेला वो?"

ओहोटी आहे, म्हटलं, येईल परत.
"गेला कोटी पन?"

तीस वर्षं मी या पाण्यावर आहे.
लोक किलोचा भाव विचारतात, अनुदान विचारतात,
टॉवरवाल्यांचा त्रास होतो का, विचारतात.
पाणी कुठे जातं
हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला नाही.
बाहेर, म्हटलं. बाहेर जातं.
तिनं वहीत लिहिलं: बाहेर.

"आमचा तरा असा उठून नाई जात," ती म्हणाली.
"सुकते. पन तिथीच सुकते."

पिंजऱ्यांपाशी मी चिंबोरी उलटी धरली,
नर कुठला, मादी कुठली, सांगणार,
तर तिनं ती माझ्या हातातून घेतली,
पोटावर अंगठा दाबला.
"हे भरली नाई अजून."
खरंच नव्हती भरली.
धनूबाय माझ्या कानाशी, "ही तं आपलीच निंगाली."
मग माझं पाठांतर कुठे तुटलं कळलं नाही.
नवऱ्यांचा विनोद राहिलाच.
जाळ्याची गाठ डावीकडून की उजवीकडून,
यावर तिघी चिखलात उभ्या राहून भांडल्या.

पत्रिकेत साडेअकराला होतं: बेट-दर्शन.
सानपसरांनी शनिवार बघून तारीख धरली होती,
तिथी बघून नाही.
बेट म्हणजे आमचं खडप, कालवांचं.
ओहोटीला दोनेक तास डोकं वर काढतं, तेवढंच.
माहितीपत्रकात त्याचा फोटो आहे,
वर छत्री घेतलेली एक बाई.
साडेअकराला खाडी तुडुंब.
होडी तिथे नेली, इंजिन बंद केलं.
चारी बाजूंना पाणी.
हेच, मी म्हटलं. खाली.
सानपसर रुमाल शोधत राहिले.
पंधराच्या पंधरा एका कडेला वाकल्या,
होडी कलली, धनूबाय ओरडली.
पुस्तकलानं हात कोपरापर्यंत घातला,
बोटं चाखली, थुंकली.
"बापा! एवढा मीठ."
मग पुन्हा घातला. बराच वेळ काढला नाही.
"आला मनजे," म्हणाली.
बेटाचं नाही, पाण्याचं.

वहीत सगळ्यांनी लिहिलं: बेट पाहिले.

निघताना तिनं नंबर घेतला.
मला वाटलं, पिंजऱ्यांच्या किमतीसाठी.
पंधरवड्यातून कधीतरी फोन येतो.
मागे बकऱ्या असतात, एखादं पोर रडत असतं.
चिंबोरीचं विचारत नाही, कर्जाचं नाही.
"पानी कोटी आहे आता?"
मी हात पुसते, धक्क्यापर्यंत जाते,
बघते.
अर्ध्यात आहे, सांगते. येतंय.
"बरा," म्हणते,
आणि ठेवते.